शेराला सव्वाशेर

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या ओलसर जंगलांत खरखरीत कातडीचा एक न्यूट राहतो. न्यूट म्हणजे सॅलॅमँडरच्या कुळातला प्राणी, दिसायला पालीसारखा पण नात्यानं बेडकाच्या जवळचा. लांबी जेमतेम वीतभर, पाठ तपकिरी, पोट भडक नारिंगी, चाल संथ. त्याच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं. अंग फुगवणाऱ्या पफर माशात असतं तेच हे विष. ते मज्जातंतूंमधून जाणारा संदेश अडवतं, स्नायू लुळे पडतात आणि श्वास थांबतो. १९७९ साली ऑरेगनमध्ये एका तरुणानं पैजेपायी असा एक न्यूट गिळला आणि तो दगावला. काही ठिकाणच्या एकेका न्यूटमध्ये तर अनेक माणसं मरतील एवढं विष असतं.

खरा प्रश्न आहे तो या मात्रेचा. एखाद्या भुकेल्या पक्ष्याला आडवं करायला यातला बारीकसा अंशही पुरला असता. मग हा इवलासा जीव एवढा साठा कशासाठी बाळगून आहे? उत्तर त्याच जंगलात सरपटत असतं. गार्टर साप हा माणसाला निरुपद्रवी असलेला साप न्यूट खातो आणि जगतोही. मज्जातंतूंच्या पेशींवर सोडियमचे कण आत सोडणारी अतिसूक्ष्म दारं असतात. विष या दारांच्या तोंडाशी बुचासारखं अडकतं. न्यूट खाणाऱ्या सापांमध्ये त्या दारांची घडणच किंचित बदललेली आहे, त्यामुळे बूच नीट बसत नाही.

आता दोन्ही बाजूंनी विचार करा. साप विष सोसू लागले की कमी विषाचे न्यूट त्यांच्या पोटात जातात आणि जास्त विषाचे वाचतात. पुढच्या पिढ्या या वाचलेल्यांच्या, म्हणजे अधिक जहाल. मग सापांमध्येही जे अधिक चिवट तेच पोट भरून पिल्लं देणार. शेराला सव्वाशेर भेटला, सव्वाशेराला दीडशेर, आणि असं हजारो पिढ्या चालत राहिलं. न्यूटमधला तो अवाढव्य साठा म्हणजे या चढाओढीचा हिशेब आहे. तो साठा माणसासाठी नाही आणि पक्ष्यासाठीही नाही.

या गोष्टीनं सुरुवात करण्यामागे एक कारण आहे. ‘सजीव पर्यावरणाशी जुळवून घेतात’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो, आणि पर्यावरण म्हटलं की डोळ्यांपुढे थंडी, ऊन, पाऊस, वाळवंट येतं. पण थंडीपासून वाचायला एखाद्या प्राण्याला दाट लोकर आली, तर थंडी त्यावर उलटा डाव टाकत नाही. हरणाचा वेग वाढला तर मात्र त्याच्या मागे धावणाऱ्याचाही वाढू शकतो. बहुतेक सजीवांच्या आयुष्यात सर्वांत मोठं पर्यावरण म्हणजे दुसरे सजीव: त्यांना खाणारे, त्यांचं अन्न असलेले, त्याच अन्नावर टपलेले, त्यांच्या शरीरात शिरून राहणारे, आणि ज्यांच्यावाचून त्यांचं पान हलत नाही असे. हे पर्यावरण स्वतःच बदलत राहतं. उत्क्रांतीतलं हेच मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि आपल्या पाठ्यपुस्तकी समजुतीत नेमकं हेच निसटतं.

गरज आधी की बदल आधी?

पुढे जाण्याआधी एक जुना गैरसमज दूर केला पाहिजे. ‘जिराफाला उंचावरचा पाला हवा होता म्हणून मान लांब झाली’, ‘सापाला न्यूट खायचे होते म्हणून त्याने प्रतिकारशक्ती मिळवली’ अशी वाक्यं सर्रास बोलली जातात. बोलायला सोपी आहेत, पण त्यातला ‘म्हणून’ चुकीचा आहे. कुठल्याही सापानं सराव करून विष पचवायला शिकून घेतलं नाही. एक साप जन्मापासून मरेपर्यंत तीच जनुकं घेऊन जगतो. बदलतो तो समूह, पिढ्यांमागून पिढ्यांनी.

प्रत्येक पिढीत पिल्लं एकमेकांपासून थोडी थोडी वेगळी असतात. आईबापांच्या जनुकांची सरमिसळ होते आणि शिवाय जनुकांची नक्कल होताना अधूनमधून चुका होतात. या चुकांना उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेक चुकांनी काहीच फरक पडत नाही, काहींनी नुकसान होतं, एखादीचा त्या ठिकाणी, त्या काळात उपयोग होतो. ज्यांना उपयोग होतो त्यांची पिल्लं जास्त जगतात, आणि तो गुण त्या पिल्लांत उतरतो. एवढंच. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. ‘निवड’ या शब्दामुळे सुपात धान्य घेऊन खडे वेचणारं कोणीतरी डोळ्यांपुढे उभं राहतं. इथे तसं कोणी नाही. चाळणीशी तुलना जास्त बरोबर ठरेल. चाळणीला काही हवं नसतं, तरी काही दाणे वर राहतात आणि काही खाली पडतात.

बदल गरजेच्या आधीच झालेला असतो हे १९५२ साली जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्यानं फार देखण्या प्रयोगानं दाखवलं. त्यांनी जिवाणूंच्या वसाहती वाढलेल्या ताटलीवर मखमलीचं कापड हलकेच दाबलं. कापडाच्या तंतूंना प्रत्येक वसाहतीतले थोडे जिवाणू आपापल्या जागी चिकटले, अगदी शिक्क्यासारखे. मग तेच कापड त्यांनी नव्या ताटल्यांवर एकामागून एक ठसवलं. या नव्या ताटल्यांमध्ये जिवाणूंना मारणारे विषाणू होते. जवळजवळ सगळे जिवाणू मेले. मोजक्या वसाहती उगवल्या, आणि त्या वेगवेगळ्या ताटल्यांत त्याच त्या जागी उगवल्या. विषाणू भेटल्यावर जिवाणूंनी धडपड करून उपाय शोधला असता, तर वाचलेले कुठेही दिसले असते. त्याच जागी दिसले याचा अर्थ उघड आहे: मूळ ताटलीत त्या जागी बसलेले जिवाणू विषाणूची गाठ पडण्याआधीपासूनच चिवट होते.

गरज ही शोधाची जननी असं आपण म्हणतो. माणसाच्या बाबतीत ते खरं असेल, निसर्गात उलट आहे. तिथे शोध आधी लागतो, गरज नंतर येते किंवा येतच नाही, आणि बहुतेक शोध वाया जातात.

एकाच बेटावरचे दोन दुष्काळ

पर्यावरण आणि शेजारी या दोन्हींचा परिणाम एकाच जागी पाहायचा असेल, तर गॅलापागोस द्वीपसमूहातल्या डॅफनी मेजर या चिमुकल्या बेटाइतकं चांगलं ठिकाण मला माहीत नाही. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्यानं १९७३ पासून तिथल्या फिंच पक्ष्यांचा अभ्यास सुरू केला आणि तो दशकानुदशकं चालवला. पक्ष्यांना पकडायचं, पायात कडी घालायची, चोच मोजायची, सोडून द्यायचं. कोण कोणाचं पिल्लू, कोण जगलं, कोण मेलं, याची नोंद ठेवायची. इतकं साधं काम इतक्या चिकाटीनं क्वचितच कोणी केलं असेल.

१९७७ साली बेटावर पाऊस जवळजवळ पडलाच नाही. मध्यम आकाराच्या जमिनीवरच्या फिंचचं अन्न म्हणजे बिया. मऊ, बारीक बिया लवकर संपल्या. उरली ती सराट्याच्या जातभाईची कडक, काटेरी फळं. ती फोडायला जाड चोच लागते. सुमारे ८५ टक्के पक्षी मेले. वाचलेल्यांच्या चोचीची सरासरी जाडी दुष्काळापूर्वीच्या सरासरीपेक्षा अर्ध्या मिलिमीटरनं जास्त होती. अर्धा मिलिमीटर म्हणजे डोळ्यांना जाणवणारही नाही इतका फरक, पण जगणं आणि मरणं त्यावर ठरलं. चोचीची जाडी आईबापांकडून पिल्लांत उतरते, त्यामुळे पुढची पिढीही जाड चोचीची निघाली.

नंतर १९८२-८३ मध्ये एल निनोमुळे, म्हणजे पॅसिफिक महासागराचं पाणी तापल्यामुळे, तिथे धो धो पाऊस झाला. बेट वेलींनी भरून गेलं आणि बारीक बियांचा सुकाळ झाला. आता पारडं उलट झुकलं आणि लहान चोचीचे पक्षी सरस ठरले.

इथपर्यंत ही हवामानाची गोष्ट आहे. पण त्याच सुमारास शेजारच्या बेटांवरून मोठ्या फिंचची एक वेगळी प्रजाती डॅफनी मेजरवर येऊन वसली. तिची चोच आणखी भक्कम, आणि सराट्याची फळं फोडण्यात ती वाकबगार. सुरुवातीला हे पक्षी मोजकेच होते, हळूहळू त्यांची संख्या वाढली. २००३ साली पुन्हा दुष्काळ सुरू झाला. १९७७ चा अनुभव पाहता मध्यम फिंचची चोच पुन्हा जाड व्हायला हवी होती. झालं नेमकं उलट. कडक फळं मोठ्या पाहुण्यांनी फस्त केली, जाड चोचीच्या मध्यम फिंचला त्यांच्यापुढे टिकता आलं नाही, आणि जगले ते बारीक बियांवर भागवणारे लहान चोचीचे पक्षी. एका झटक्यात सरासरी चोच लहान झाली.

बेट तेच, प्रजाती तीच, दुष्काळही तसाच. फक्त शेजारी नवा, आणि निकाल विरुद्ध. मी जेव्हा जेव्हा हे वाचतो तेव्हा तेव्हा थांबतो. ‘दुष्काळाला फिंच कसे प्रतिसाद देतात?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. बेटावर आणखी कोण आहे, हे आधी विचारावं लागतं.

‘उत्क्रांती’ या आपल्या शब्दाबद्दलही इथे बोललं पाहिजे. त्यातला ‘उत्’ वर जाण्याकडे बोट दाखवतो, जणू खालच्या पायरीवरून वरच्या पायरीकडे प्रवास चाललाय. शब्द रूढ झालाय, तो बदलण्यात अर्थ नाही. पण चोच आधी जाड झाली, मग बारीक झाली, यात वर कोणतं आणि खाली कोणतं? ‘बळी तो कान पिळी’ ही म्हणही उत्क्रांतीचं सार म्हणून सांगितली जाते, आणि तीही इथे लागू पडत नाही. २००३ च्या दुष्काळात मध्यम फिंचमधले दांडगे मेले आणि किरकोळ वाचले. त्या वेळी, त्या जागी, त्या शेजाऱ्यांमध्ये ज्याचं भागलं तो टिकला.

त्रिनिदादच्या ओढ्यांतले गप्पी मासेही हेच सांगतात, आणि तिथे तर शास्त्रज्ञांनी मुद्दाम शेजारी बदलून पाहिले. खालच्या प्रवाहात मोठे शिकारी मासे असतात, धबधब्याच्या वर ते पोचू शकत नाहीत. १९७६ साली जॉन एंडलर यांनी खालचे गप्पी वरच्या, शिकारी नसलेल्या पाण्यात नेऊन सोडले. काही वर्षांतच त्या समूहातले नर जास्त भडक रंगाचे झाले. भडक रंग माद्यांना आवडतो, पण खाली तो शिकाऱ्याच्याही डोळ्यांत भरायचा. पुढे डेव्हिड रेझनिक यांनी मोजलं तर हे मासे वयात उशिरा येत होते आणि कमी पण मोठी पिल्लं देत होते. उद्या कोणी गिळेल ही टांगती तलवार नसली की घाई करणारे फायद्यात राहत नाहीत.

उंबराचं फूल

क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचं फूल झालास की’ म्हणतो. उंबराला फूल येतच नाही, असं अनेकांना वाटतं. खरं तर शेकड्यांनी फुलं येतात, फक्त ती आत असतात. ज्याला आपण फळ म्हणतो तो मुळात फुलांचा आतल्या बाजूला वळलेला गुच्छ आहे. वड, पिंपळ, अंजीर ही सगळी याच कुळातली, आणि जगभरात या कुळाच्या साडेसातशेहून जास्त प्रजाती आहेत.

फुलं बंद कुपीत, मग पराग पोचवायचा कोणी? त्यासाठी मिलिमीटर-दोन मिलिमीटर लांबीच्या गांधीलमाश्या असतात, आणि बहुतेक प्रजातींची स्वतःची अशी वेगळी माशी असते. मादी कुपीच्या टोकावरच्या अरुंद भोकातून आत घुसते. वाट इतकी चिंचोळी की बऱ्याचदा तिचे पंख तिथेच तुटतात. आत ती आपल्या जन्मझाडाचे पराग फुलांवर पसरवते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. अंड्यांतून आधी नर बाहेर येतात. त्यांना पंख नसतात, कारण त्यांना बाहेरच्या जगात काही करायचंच नसतं. ते माद्यांशी मीलन करतात आणि कुपीची भिंत पोखरून वाट काढतात. माद्या पराग घेऊन त्या वाटेनं उडून जातात आणि पुढच्या झाडाचा शोध घेतात. काही प्रजातींच्या माद्यांना पराग भरून न्यायला छातीवर चक्क खिसे असतात.

माशीला झाडाशिवाय पिल्लू नाही आणि झाडाला माशीशिवाय बी नाही. हा करार कोट्यवधी वर्षं टिकलाय. पण याला प्रेमाची गोष्ट समजू नये, कारण तसं समजलं की यातलं सर्वांत सुरस तेच हातचं जातं. पराग वाहण्यात माशीची मेहनत जाते. एखादी पराग न घेताच आत शिरली आणि नुसती अंडी घालून मोकळी झाली तर? अशा लबाडांचाच सुळसुळाट व्हायला हवा होता. पनामात केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचं उत्तर मिळालं. संशोधकांनी पराग नसलेल्या माश्या मुद्दाम कुपीत सोडल्या. ज्या प्रजातींच्या माश्या मुद्दाम पराग गोळा करून आणतात, त्यांतल्या अनेक झाडांनी अशा कुप्या अर्ध्यातच गाळून टाकल्या, किंवा त्या कुप्यांत माशीची पिल्लं कमी वाढली. आणि ज्या प्रजातींमध्ये ही शिक्षा सौम्य होती, तिथे निसर्गात लबाड माश्या जास्त सापडल्या. झाड विचार करत नाही. पण बिया न धरणाऱ्या कुपीवर अन्न उधळणाऱ्या झाडांपेक्षा ती गाळणाऱ्या झाडांचा वंश जास्त वाढला, आणि त्यातूनच कराराला धार आली.

दोन प्रजाती एकमेकींना असं घडवत राहतात तेव्हा त्याला सहउत्क्रांती म्हणतात. ही कल्पना इतकी भक्कम आहे की तिच्या जोरावर न पाहिलेल्या प्राण्याबद्दल भाकीत करता येतं. मादागास्करच्या एका ऑर्किडच्या फुलाला फूटभर लांब नळी असते आणि मधुरस अगदी तळाशी. १८६२ साली चार्ल्स डार्विन यांनी लिहिलं की तिथे तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग असला पाहिजे. असा पतंग तेव्हा कोणाला माहीत नव्हता. १९०३ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. तोवर डार्विनना जाऊन एकवीस वर्षं झाली होती.

शरीरात शिरलेला शेजारी

सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात झपाट्यानं बदलणारा शेजारी म्हणजे रोगजंतू किंवा परजीवी. माणसाची एक पिढी पंचवीस-तीस वर्षांची, जिवाणूची अर्ध्या तासाचीही असू शकते.

ऑस्ट्रेलियात १८५९ साली आणलेल्या सुमारे दोन डझन युरोपीय सशांची पुढे कोट्यवधींची फौज झाली आणि कुरणं उजाड होऊ लागली. १९५० साली तिथे मिक्झोमा नावाचा विषाणू मुद्दाम सोडण्यात आला. दक्षिण अमेरिकेतल्या त्याच्या मूळ यजमान सशांमध्ये तो साधी गाठ उठवतो, पण युरोपीय सशाला तो नवा होता. शंभरातले नव्व्याण्णव ससे मरत. काही वर्षांतच मात्र चित्र पालटलं. विषाणूचे मध्यम जहाल प्रकार सगळीकडे दिसू लागले, आणि सशांमध्येही प्रतिकारशक्ती वाढत गेली.

विषाणूला सशाची दया आली नाही. तो डासांमार्फत पसरतो. ससा पटकन मेला तर डासाला चावायला वेळच मिळत नाही. विषाणू फार सौम्य असला तर त्वचेवर पुरेशा गाठी उठत नाहीत आणि ससा लवकर बराही होतो, मग डासाच्या सोंडेला लागायला विषाणूच उरत नाही. सर्वांत जास्त पसरले ते मधले, सशाला आजारी ठेवणारे पण रखडवून मारणारे. म्हणून ‘विषाणू कालांतरानं सौम्यच होतो’ असं जे ठामपणे सांगितलं जातं ते मला धोक्याचं वाटतं. तो सौम्य होईल की जहाल, हे त्याच्या पसरण्याच्या वाटेवर ठरतं. आणि इथेही गोष्ट थांबली नाही. सशांची प्रतिकारशक्ती वाढल्यावर पुढच्या दशकांत त्या प्रतिकारशक्तीलाच दडपून टाकणारे विषाणू वर आले.

या अखंड पाठलागाला १९७३ साली ली व्हॅन व्हेलन यांनी ‘लाल राणी’ हे नाव दिलं. एका इंग्रजी बालकथेतली लाल राणी सांगते की आहे तिथेच राहायचं असेल तरी जीव तोडून धावावं लागतं. त्यांना नेमकं हेच म्हणायचं होतं. शेजारी धावतोय, त्यामुळे थांबणारा मागे पडतो.

नर-मादी असण्याचं कोडंही इथेच उलगडू लागतं, आणि हे कोडं लहान नाही. नराशिवाय, स्वतःच्या नकला काढून प्रजनन करणारी मादी सगळ्या माद्याच जन्माला घालते. तिची संख्या दुप्पट वेगानं वाढायला हवी. तरीही बहुसंख्य प्राण्यांत नर आहेतच. न्यूझीलंडच्या तळ्यांत एक इवलीशी गोगलगाय राहते, तिच्यात दोन्ही प्रकार एकत्र नांदतात. कर्टिस लाइव्हली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं आढळलं की जिथे परजीवी कृमींचा त्रास जास्त तिथे नर-मादीनं प्रजनन करणाऱ्या गोगलगाई जास्त. नकला काढणाऱ्यांमधला जो वाण सगळ्यात जास्त पसरतो, त्याच्याच कुलुपाला लागणाऱ्या किल्ल्या कृमींमध्ये काही काळानं वाढतात, आणि तो वाण कोसळतो. नर-मादीच्या संकरातून प्रत्येक पिल्लाला नवं कुलूप मिळतं.

एका खारीच्या नसण्यानं

आतापर्यंत प्रजाती कशी बदलते ते पाहिलं. एकीच्या दोन कशा होतात? बहुतेक वेळा समूह विभागला जातो, दोन ठिकाणी शेजारी वेगळे मिळतात, आणि वाटा फाटत जातात. याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण क्रॉसबिल पक्ष्याचं आहे. त्याच्या चोचीची दोन टोकं कात्रीसारखी एकमेकांवर जातात, आणि तिच्या साहाय्यानं तो पाइनच्या शंकूचे खवले फाकवून बी काढतो.

रॉकी पर्वतरांगांत लॉजपोल पाइनच्या बिया मुख्यतः लाल खारी फस्त करतात. त्यामुळे शंकूंची घडण खारींपासून बचाव करणारी आहे: बूड रुंद, बिया थोड्या. तिथे क्रॉसबिलला झाडाच्या लेखी फारसं महत्त्वच नाही. पण आयडाहो राज्यातल्या साउथ हिल्स आणि अल्बियन या एकाकी डोंगरांवर लाल खारीच नाहीत. तिथे बियांचा मोठा चोर क्रॉसबिल. मग झाडांनी खारींविरुद्धची तटबंदी गमावली आणि क्रॉसबिल जिथे चोच खुपसतो त्या टोकाकडचे खवले जाड झाले. त्याला तोंड द्यायला तिथल्या क्रॉसबिलची चोच अधिक भक्कम झाली. हे पक्षी इतर क्रॉसबिलसारखे भटकत नाहीत, त्यांची साद वेगळी आहे, आणि ते जवळजवळ नेहमी आपसातच जोडी जमवतात. २०१७ साली अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञांच्या संघटनेनं त्यांना कॅसिया क्रॉसबिल ही स्वतंत्र प्रजाती म्हणून मान्यता दिली. एक खार नाही, म्हणून एक पक्षी वेगळा.

शेजारी आता माणूसही आहे, आणि तो फार मोठा शेजारी आहे. मोझांबिकच्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानात १९७७ ते १९९२ या यादवी युद्धाच्या काळात हस्तिदंतासाठी इतकी कत्तल झाली की नव्वद टक्क्यांहून जास्त हत्ती संपले. युद्धापूर्वी तिथे पाचातली जेमतेम एक हत्तीण जन्मतः बिनसुळ्यांची असे. युद्धानंतर जवळपास निम्म्या हत्तिणी बिनसुळ्यांच्या होत्या, कारण सुळे नसलेल्यांवर कोणी गोळी वाया घालवली नाही. पण हा गुण फुकट मिळत नाही. ज्या जनुकीय बदलामुळे हत्तिणीला सुळे येत नाहीत, तोच बदल वारशानं मिळालेला नर गर्भ जगत नाही, असं २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं. सुळे नसलेल्या मातांना मुलगे कमी होतात. बंदुकीपासून वाचवणारी गोष्ट पुढच्या पिढीतले नर कमी करते.

अशी किंमत न्यूट खाणाऱ्या सापांनाही मोजावी लागते. विष सोसणाऱ्या गार्टर सापांचा सरपटण्याचा वेग इतरांपेक्षा कमी पडतो, आणि मंद साप पक्ष्यांच्या तावडीत सापडू शकतो. म्हणूनच जिथे न्यूट विषारी नाहीत तिथे ही सहनशक्ती पसरत नाही. व्हँकुव्हर बेटावर न्यूटमध्ये विष जवळजवळ नाही, आणि तिथले सापही साधेच आहेत.

मग ही चढाओढ अशीच चालू राहणार का? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनेक ठिकाणचे न्यूट आणि तिथलेच साप यांची तुलना केली होती. बऱ्याच ठिकाणी दोघांचं बळ तोलास तोल निघालं. पण जवळपास एक तृतीयांश ठिकाणी ते जुळलं नाही, आणि अशा प्रत्येक ठिकाणी पुढे होता तो साप. एकाच जनुकातल्या मोजक्या बदलांनी त्याला इतकी मोठी झेप मिळाली होती की तिथला सर्वांत जहाल न्यूटही त्याचं काही बिघडवू शकत नव्हता. त्या जंगलांतले न्यूट आजही कातडीत विष घेऊन संथपणे फिरतात, आणि साप त्यांना सहज गिळतात.